पहिलं पिस्तूल कसं निवडावं: अमेरिकेत अंगावर शस्त्र बाळगू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

अमेरिकेतल्या बंदुकीच्या दुकानात काचेखाली पिस्तुलांची रांग मांडलेली असते आणि नवख्या गिऱ्हाइकाचा हात बहुतेक वेळा सगळ्यांत छोट्या पिस्तुलाकडे जातो. कपड्याखाली झाकून बाळगायचंय, मग छोटं बरं, हलकं बरं, असा सरळ हिशेब असतो. गिऱ्हाईक बाई असेल तर विक्रेताही पुष्कळदा तेच काढून पुढे ठेवतो. हा हिशेब उलटा आहे. पिस्तूल जितकं छोटं आणि हलकं, तितका गोळी सुटल्यावरचा धक्का हाताला जास्त जाणवतो. मूठ धरायला जागा कमी मिळते, नेमाच्या पुढच्या-मागच्या खुणांमधलं अंतर कमी होतं आणि नेम चुकायला वाव वाढतो. खिशात मावणारं पिस्तूल मुरलेल्या हाताने वापरावं. पहिलं पिस्तूल मात्र तुमच्या मुठीत बसणारं, सराव करताना हात न दुखवणारं आणि दिवसभर अंगावर सुरक्षित राहणारं हवं. ब्रँड, रंग, किती गोळ्या मावतात, हे सगळं त्यानंतर.

भारतात वाढलेल्या आपल्यासारख्यांना या बाबतीत पूर्वानुभव जवळजवळ नसतो. तिथे १९५९च्या शस्त्र कायद्याखाली ९ एमएम पिस्तूल सामान्य नागरिकाला मिळतच नाही. परवाना मिळालाच तर .३२चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल (हे आकडे गोळीच्या जाडीचे, मिलिमीटरमध्ये किंवा इंचात). म्हणून इथे मुळापासूनच सुरुवात करू.

आधी कायदा

तुम्ही व्हिसावर असाल, म्हणजे एच-१बी, एल-१, एफ-१ किंवा पर्यटक व्हिसावर, तर पुढचं वाचण्याआधी हे नीट लक्षात घ्या: फेडरल कायद्यानुसार तुम्हाला बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगण्याची सर्वसाधारणपणे मनाई आहे. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, भाड्याने घेतलेलं पिस्तूल हातात धरणं हेही ‘बाळगणं’च आहे. काही अरुंद अपवाद आहेत, त्यातला मुख्य म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकारीचा परवाना. पण त्याच्या भरवशावर पाऊल टाकण्याआधी शस्त्र कायदा आणि इमिग्रेशन या दोन्हींची जाण असलेल्या वकिलाला विचाराच. चूक झाली तर शिक्षा १५ वर्षांपर्यंत जाऊ शकते आणि देशाबाहेर काढलं जाण्याची टांगती तलवार वेगळीच. भारतातून आलेल्या आई-बाबांना ‘एकदा मजा बघा’ म्हणून रेंजवर नेण्याची हौस बऱ्याच जणांना असते. ती करू नका.

ग्रीन कार्डधारक आणि नागरिक शस्त्र घेऊ शकतात. आपल्याकडे अडचण होते ती मिश्र घरांत: नवरा नागरिक झालाय, बायको अजून एच-१बीवर आहे. अशा घरात शस्त्राच्या तिजोरीचा नंबर किंवा किल्ली फक्त ज्याला मुभा आहे त्याच्याकडे असावी, कारण हातात न धरताही ताबा असल्याचं मानलं जाऊ शकतं. गांजाबद्दलही गैरसमज आहे. तुमच्या राज्यात तो कायदेशीर असला तरी फेडरल कायद्यात नाही, आणि पिस्तूल घेताना भरायच्या फॉर्म ४४७३ वर त्याबद्दल थेट प्रश्न असतो. त्या फॉर्मवर खोटं लिहिणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

यानंतर राज्याचा कायदा बघायचा. सुप्रीम कोर्टाच्या २०२२च्या ब्रुएन निकालानंतर ‘तुम्हाला खास गरज आहे हे सिद्ध करा’ अशी अट राज्यांना घालता येत नाही. निम्म्याहून अधिक राज्यांत आता परवान्याशिवायही झाकलेलं पिस्तूल बाळगता येतं. टेक्सासमध्ये हे १ सप्टेंबर २०२१ पासून लागू आहे. तरीही मी परवाना काढाच असं सांगेन. त्याने इतर कित्येक राज्यांत मान्यता मिळते, शाळांच्या परिसरात शस्त्राला मनाई करणाऱ्या फेडरल कायद्यात आपल्या राज्यापुरती सूट मिळते, आणि मुख्य म्हणजे वर्ग आणि चाचणी यांच्या निमित्ताने कायदा एकदा तरी नीट कानावर पडतो. टेक्सासच्या चाचणीत ३, ७ आणि १५ यार्डांवरून मिळून ५० गोळ्या झाडायच्या असतात. न्यू जर्सीत मामला बराच कडक आहे: प्रत्येक पिस्तुलासाठी खरेदीचा वेगळा परवाना, मॅगझिनमध्ये (पिस्तुलात बसवायच्या गोळ्यांच्या पेटीत) १० पेक्षा जास्त गोळ्या नकोत आणि पोकळ टोकाच्या (लक्ष्यात शिरल्यावर फुलणाऱ्या) गोळ्यांवर वेगळी बंधनं. कॅलिफोर्नियातही मॅगझिनची मर्यादा १० आहे आणि दुकानात नवं पिस्तूल राज्याच्या यादीतलंच मिळतं. पिस्तूल आवडून बसण्याआधी ते आपल्या राज्यात मिळतं का, हे बघा.

मग घर

पिस्तूल घरात आलं म्हणून घर आपोआप सुरक्षित होत नाही. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. घरात कोणी निराशेच्या गर्तेत असेल, नोकरी जाऊन, घटस्फोटाच्या वाटेवर किंवा आजाराने खचलेलं असेल, तर शस्त्र आणायची ही वेळ नव्हे. ते कोणी म्हणजे तुम्ही स्वतःही असू शकता. ९८८ या आत्महत्या रोखण्यासाठीच्या मदत क्रमांकावर कधीही बोलता येतं. अडचणीचा काळ सरेपर्यंत थांबल्याने काही बिघडत नाही.

आणि मुलं. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोतल्या एका वॉलमार्टमध्ये दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधलं पिस्तूल काढलं, गोळी सुटली आणि आई जागीच गेली. तिच्याकडे रीतसर परवाना होता, आणि ती पर्स खास पिस्तूल ठेवण्यासाठीच बनवलेली होती. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी तिजोरी, मग पिस्तूल. पलंगाजवळच्या कपाटाला बोल्टने पक्की बसवता येईल अशी, अंधारातही बोटांनी उघडता येणारी छोटी तिजोरी घ्या. उंच फडताळ, कपड्यांची घडी, सुटकेस या जागा मुलांना ठाऊक असतात, तुम्हाला वाटतं त्याहून लवकर. पिस्तूल अंगावर नसेल तेव्हा तिजोरीतच असलं पाहिजे. तिसरी जागा नाही.

विकत घेण्याआधी शिका

दुकानात जाण्यापूर्वी एखाद्या प्रमाणित शिक्षकाकडे नवशिक्यांचा वर्ग करा. पहिल्या गोळ्या .२२ पिस्तुलातून झाडा. धक्का नगण्य असतो, गोळी स्वस्त पडते आणि दचकून चाप झटक्याने ओढायची सवय लागत नाही. एकदा ती लागली की मोडायला फार वेळ जातो.

जेफ कूपर या अमेरिकी प्रशिक्षकाने रूढ केलेले चार नियम तिथे पहिल्याच तासाला सांगतात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा. जे नष्ट करायचं नाही त्याच्याकडे नळी कधीही रोखू नका. नेम लागेपर्यंत बोट चापावर नको. आणि आपलं लक्ष्य काय आहे, त्याच्या मागे काय आहे, हे ठाऊक असू द्या. यातला एखादा नियम चुकून मोडला तरी उरलेले तीन पाळले तर सहसा जीव वाचतो, म्हणून चारही अंगवळणी पडले पाहिजेत.

बंदिस्त रेंजवर कानात बोळे आणि वरून कानझापं, दोन्ही लावा. डोळ्यांना चष्मा हवाच. तिथल्या हवेत आणि हातांवर शिशाचे कण असतात. निघताना हात-तोंड साबणाने धुवा, घरी आल्यावर ते कपडे वेगळे टाका, आणि त्याआधी मुलांना कडेवर घेऊ नका. गर्भवती स्त्रियांनी रेंजवर जाणं टाळावं.

हातात बसतं का?

आता खरी निवड. विक्रेत्याला पिस्तूल रिकामं करून दाखवायला सांगा, मग स्वतः तपासा: मॅगझिन बाहेर, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) मागे, कक्षात, म्हणजे नळीच्या मागे गोळी बसते त्या जागी, डोळ्याने आणि बोटाने खात्री. हे करताना अवघडू नका. चांगल्या दुकानात त्याने तुमच्याबद्दलचा आदर वाढतोच.

अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी मुठीच्या मागे जितकी वर जाईल तितकी जाऊ द्या. नळी आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा हात एका रेषेत आला पाहिजे. तसं धरून तर्जनीचं पहिलं पेर चापाच्या मधोमध सहज पोचतं का? पोचायला मूठ फिरवावी लागत असेल तर ते पिस्तूल तुमच्या हाताला मोठं आहे. बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत जात असेल तर लहान. मग करंगळीकडे बघा. ती मुठीवर टेकते की हवेत लोंबते? नवख्याने करंगळी टेकणारं पिस्तूल घ्यावं. आजकाल बऱ्याच पिस्तुलांबरोबर मुठीचे मागचे भाग कमी-जास्त जाडीचे मिळतात, तेही लावून बघा.

स्लाइड ओढणं बऱ्याच जणांना, विशेषतः बारीक मनगटाच्या बायकांना आणि संधिवात असलेल्यांना, अशक्य वाटतं. अनेकदा दोष ताकदीचा नसतो, पद्धतीचा असतो. पिस्तूल छातीजवळ घ्या, नळी समोर सुरक्षित दिशेला. डाव्या तळव्याने स्लाइड वरून घट्ट पकडून जागीच ठेवा आणि उजव्या हाताने पिस्तुलाची मूठ पुढे ढकला, जड दार ढकलतो तशी. असं सलग पाच-सहा वेळा जमलं पाहिजे. एकदा जमून हात थरथरत असेल तर ते मोजू नका. तरीही जमत नसेल तर स्मिथ अँड वेसनची शील्ड ईझी बघा. तिची स्लाइड मुद्दाम हलकी केलेली आहे, आणि .३८० आणि ९ एमएम अशा दोन्ही प्रकारांत ती मिळते. मॅगझिनमध्ये गोळ्या भरून बघायलाही विसरू नका. शेवटच्या दोन गोळ्यांना अंगठा रडकुंडीला येतो. त्यासाठी प्लास्टिकचं छोटं लोडर मिळतं, ते जरूर घ्या.

बायकांनी पहिलं म्हणून छोटं रिव्हॉल्व्हर घ्यावं, हा सल्ला तुम्हाला नक्की ऐकायला मिळेल. मला तो पटत नाही. स्मिथ अँड वेसन ६४२ सारखं रिव्हॉल्व्हर रिकामं जेमतेम ४१० ग्रॅम भरतं, गोळ्या ५ मावतात. त्याचा चाप लांब आणि जड असतो, धक्का तळव्यात रुततो आणि नेमाच्या खुणा नाममात्र असतात. ते चांगलं शस्त्र आहे, विश्वासू आहे, पण त्याच्यावर हात बसायला फार सराव लागतो, आणि सराव नकोसा वाटावा असंच ते आहे. स्लाइड कुठल्याही पद्धतीने ओढता येत नसेल तेव्हाच त्याचा विचार करावा.

गोळीच्या आकाराचा वाद मी थोडक्यात आटोपतो: ९ एमएम घ्या. एफबीआय .४० वरून पुन्हा ९ एमएमवर आली ती काही उगाच नव्हे. आधुनिक ९ एमएम गोळी पुरेशी प्रभावी आहे, धक्का आवाक्यातला आहे, मॅगझिनमध्ये जास्त गोळ्या मावतात आणि सरावाची गोळी सगळीकडे मिळते. .३८० चा धक्का ऐकायला कमी, पण रुगर एलसीपीसारख्या २७० ग्रॅमच्या पिस्तुलात तोही झोंबतो.

भाड्याने घ्या, झाडून बघा

मोठ्या रेंजवर पिस्तुलं भाड्याने मिळतात. एका दिवसाचं भाडं आणि गोळ्या यांचा खर्च चुकीच्या खरेदीपेक्षा कितीतरी कमी असतो. सुरुवात ग्लॉक १९ पासून करा. ते १५ गोळ्यांचं, रिकामं सुमारे ६७० ग्रॅमचं मध्यम आकाराचं पिस्तूल आहे. तेच घ्या असं नाही, पण बाकीच्यांची तुलना त्याच्याशी करता येते. मग बारीक अंगाची पण हात भरेल अशी घ्या: ग्लॉक ४३एक्स, सिग सॉअर पी३६५ किंवा त्याचं थोडं लांब भावंड पी३६५ एक्सएल, स्मिथ अँड वेसन शील्ड प्लस, स्प्रिंगफील्ड हेलकॅट. २०१८ मध्ये पी३६५ आलं आणि सुमारे ५०० ग्रॅमच्या पिस्तुलात १० गोळ्या मावायला लागल्या. या वर्गातली आजची चुरस तिथूनच सुरू झाली.

एका फेरीत तीनच पिस्तुलं घ्या. प्रत्येकातून किमान ५० गोळ्या, ५ ते ७ यार्डांवरून, जेवणाच्या कागदी ताटलीवर. पहिल्या दहा गोळ्यांवरून मत बनवू नका, शेवटच्या दहा बघा. हात थकल्यावरही ज्याच्या गोळ्या ताटलीत राहतात ते पिस्तूल तुमचं. ‘अजून एक डबी झाडू’ असं वाटतंय की ‘पुरे आता’, हेही नोंदवा. मी त्याला बरंच महत्त्व देते, कारण जे पिस्तूल झाडायला नको वाटतं त्याचा सराव होत नाही.

बोटाने लावायची सेफ्टी, म्हणजे गोळी सुटू न देणारी कळ, असावी का? दोन्ही चालतं. असेल तर पिस्तूल काढताना ती प्रत्येक वेळी खाली करण्याची सवय लागली पाहिजे. आज आहे, उद्या नाही, असं करू नका. ग्लॉकसारख्या पिस्तुलांना अशी सेफ्टी नसते. तिथे तुमचं शिस्तीतलं बोट आणि चाप पूर्ण झाकणारं होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) हीच सेफ्टी.

होल्स्टरवर काटकसर नको

लोक पिस्तुलावर पाचशे डॉलर घालतात आणि होल्स्टर वीस डॉलरचं मऊ कापडी घेतात. माझ्या मते ही या सगळ्यातली सर्वांत धोकादायक बचत आहे. होल्स्टर तुमच्याच मॉडेलसाठी घडवलेलं, कायडेक्ससारख्या टणक प्लास्टिकचं किंवा जाड चामड्याचं हवं. चाप सगळ्या बाजूंनी झाकला गेला पाहिजे. पिस्तूल बाहेर काढल्यावरही तोंड उघडं राहिलं पाहिजे. आणि उलटं धरून हलवलं (अर्थात रिकाम्या पिस्तुलाने) तर ते पडता कामा नये. पिस्तूल परत आत घालताना घाई कधीच नको. बऱ्याच अपघाती गोळ्या इथेच सुटतात, शर्टाचं टोक किंवा जॅकेटची दोरी चापात अडकून. बोट बाजूला, कपडा दूर, डोळे होल्स्टरवर, मग सावकाश.

नवख्याला कमरेच्या आत, उजव्या बाजूला थोडं मागे ठेवणं जास्त मानवतं. पुढे पोटाशी ठेवलं तर लवकर हाताशी येतं, पण नळी मांडीकडे रोखलेली राहते, म्हणून हात तयार झाल्यावरच ते. साधा पट्टा वजनाने लोंबतो. या कामासाठीचा कडक पट्टा घ्या. सलवार-कमीज किंवा साडीवर पट्टा नसतो, तेव्हा अंगाला घट्ट बसणारा रुंद इलास्टिकचा पट्टा मिळतो, पण त्यातही चापावर टणक कवच असलेलाच निवडा. नीट झाकता येणार नसेल त्या दिवशी पिस्तूल तिजोरीत ठेवा. पर्समध्ये नको. आयडाहोची घटना पुन्हा सांगायची गरज नाही.

खरेदी आणि पहिले महिने

परवानाधारक विक्रेत्याकडून पिस्तूल घ्यायला वय २१ पूर्ण हवं. ओळखपत्र, फॉर्म ४४७३, मग पार्श्वभूमी तपासणी. ती कधी काही मिनिटांत होते, कधी काही दिवस लांबते. मित्राला स्वतःच्या नावावर घेता येत नाही म्हणून तुम्ही तुमच्या नावावर घेऊन देणं हा गंभीर फेडरल गुन्हा आहे. कितीही जवळचा मित्र असला तरी नाही म्हणा.

घेतल्यावर लगेच अंगावर लावू नका. निदान दोनशे साध्या गोळ्या झाडून पिस्तूल अडखळत नाही ना, ते बघा. रोज बाळगायच्या गोळ्या, म्हणजे राज्यात मुभा असेल तिथे पोकळ टोकाच्या, त्यातल्याही काही झाडून खात्री करा. घरी कोरडा सराव, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाने नेम धरून चाप ओढणं, फार उपयोगी पडतो, पण त्या वेळी एकही गोळी त्या खोलीत नको आणि नेम भक्कम भिंतीकडे. दिवसाला दहा मिनिटं पुरतात. रिकामं पिस्तूल होल्स्टरमध्ये घालून घरात वावरा, बसा, वाका, गाडीत बसा. टोचतं कुठे, दिसतं कुठे, हे तेव्हाच कळतं.

कुठे नेता येत नाही याची यादी तुमच्या राज्याच्या संकेतस्थळावरून काढा. आपल्या मंडळींनी एक गोष्ट खास लक्षात ठेवावी: मराठी शाळा आणि मंडळाचे गणपती बऱ्याच गावांत शाळेच्याच इमारतीत होतात. शनिवार-रविवार असला तरी ती शाळाच असते. टेक्सासमध्ये मंदिराने किंवा दुकानाने ३०.०६ची पाटी लावली असेल तर परवाना असूनही झाकलेलं पिस्तूल आत नेता येत नाही. दारू घ्यायची असेल त्या संध्याकाळी पिस्तूल घरीच. पोलिसांनी गाडी थांबवली तर हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवा, आणि टेक्सासमध्ये ओळखपत्र मागितलं की परवानाही बरोबर द्या. पिस्तुलाकडे हात नेऊन ‘इथे आहे’ असं दाखवू नका, तोंडाने सांगा.

शेवटचं, भारतात जाणाऱ्यांसाठी. रेंजची बॅग आणि प्रवासाची बॅग कायम वेगळी ठेवा. कप्प्याच्या कोपऱ्यात राहिलेली एक गोळी मुंबईच्या विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसली, तर शस्त्र कायद्याखाली अटक होऊ शकते आणि परतीचं तिकीट वाया जाऊन कोर्टाच्या तारखा सुरू होतात. बॅग एकच असेल तर निघण्याआधी ती पूर्ण उलटी करून झटका, कोटाचे आणि जीनचे खिसेही चाचपा.